जाळी दरवर्षी त्याच जागी फाटते? आधी ती जागा नीट बघा

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: "चांगला जाळीवाला आहे का कुणाच्या ओळखीत?" विचारणारी घरं साधारण तीच असतात. गेल्या वर्षी डासांची नवी जाळी बसवलेली त्यांचीच खिडकी, बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यात पुन्हा सुटलेली. मग जाळीवाल्याच्या नावाने बोटं मोडायची, "हल्ली मालच हलका येतो" म्हणायचं आणि पुन्हा नवी जाळी लावायची.

माल कधी कधी हलका असतोच. पण एकाच रोलमधली जाळी घरातल्या सगळ्या खिडक्यांना लावली आणि बाकीच्या धडधाकट राहून एकच फाटली, तर रोलला दोष कसा देणार? फाटणं हे लक्षण आहे. दुखणं बहुतेक वेळा चौकटीत, रबरात, खालच्या चाकात किंवा आपल्याच हाताच्या सवयीत असतं. ते तसंच ठेवून महागातली महाग जाळी लावली तरी ती पुढच्या वर्षी तिथेच जाणार. म्हणून जाळीवाल्याला फोन करायच्या आधी फाटलेल्या जागेसमोर पाच मिनिटं उभं राहा.

पुण्यात हा विषय आता चालढकल करण्यासारखा राहिलेला नाही. २०२४च्या जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले, त्याच पावसाळ्यात चिकुनगुन्याने कितीतरी घरांतली माणसं सांधे धरून बसली, आणि डेंगू तर दरवर्षी येतोच. तिन्हींचा प्रसार करणारा डास एकच, एडिस. तो दिवसा चावतो. सकाळी आणि अंधार पडायच्या आधी जास्त. दिवेलागणीला खिडक्या लावून घ्यायची आजीच्या काळची शिस्त क्युलेक्स डासांपुरती ठीक होती. घाण पाण्यावर वाढणारे, रात्री कानाशी गुणगुणणारे ते क्युलेक्स. नदीत जलपर्णी माजली की त्यांचं फावतं. एडिससाठी जाळी दिवसभर लागलेली हवी. आणि दिवसभर लागायची तर ती एका बोटाने सरकली पाहिजे. अडली की माणसं ती उघडीच ठेवतात, नाहीतर ढकलून फाडतात.

हाताच्या उंचीवर, मुठीजवळ फाटते

कोथरूडला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी घ्या. जाळी खालून दीड-दोन फुटांवर, उभ्या पट्टीला लागूनच सुटलेली. जवळून पाहिलं तर सुटलेल्या जागेच्या बाजूला धाग्यांवर चार बोटांचे तेलकट डाग स्पष्ट दिसत होते. खाली ट्रॅकमध्ये धूळ, कणकेचं पीठ, फोडणीचा चिकट थर आणि कबुतराचं एक पीस यांचा काळा लगदा. शटर, म्हणजे जाळीची सरकती चौकट, थोडं सरकायचं आणि अडायचं. प्लॅस्टिकची मूठ कधीच तुटलेली, तिथे नुसती दोन स्क्रूची भोकं. मग काकू काय करणार? बोटं जाळीवर टेकवून ढकलायच्या. जाळीवाल्याने दर वेळी इमानेइतबारे नवी जाळी लावून दिली होती. मूठ आणि चाकं त्याच्या कामात धरलेलीच नव्हती.

असं दिसलं तर जाळीच्या आधी शटर काढून खालची बेअरिंग तपासा. स्लायडिंग खिडकीच्या शटरखाली दोन्ही टोकांना एकेक छोटं चाक असतं, त्यालाच खिडक्या बनवणारे फॅब्रिकेटर 'बेअरिंग' म्हणतात. त्यात केस, धागे, माती अडकते आणि चाक फिरायचं थांबतं. मग शटर चाकावर न फिरता नुसतं घसटत जातं. चाक बोटाने फिरवून बघा. फिरत नसेल किंवा एका बाजूने झिजून चपटं झालं असेल तर दोन्ही टोकांची एकदमच बदला. एकच बदललं तर शटर तिरकं बसतं आणि वरचा कोपरा घासायला लागतो. नवं बेअरिंग आणायला जाताना जुनं खिशात टाकून न्या, कारण पाऊण इंची सेक्शनचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्टीचं, वेगळं, डोमल नावाच्या जाड सेक्शनचं वेगळं, आणि नुसत्या नजरेने फरक कळत नाही.

ट्रॅक आधी कोरडा झाडायचा. पाणी ओतलं की लगदा पाणी जायच्या भोकांत जाऊन बसतो. जुना टूथब्रश आणि व्हॅक्युमचं बारीक तोंड, नंतर ओलं फडकं. एवढं झाल्यावर तेल सोडायचा मोह आवरा. आपल्याकडे रस्ते, मेट्रो, नवी बांधकामं यांची धूळ बारा महिने उडते, आणि तेलावर ती आठवडाभरात बसते. ट्रॅकवर साधी मेणबत्ती घासा, नाहीतर सिलिकॉनचा स्प्रे मारा. दोन्ही धूळ फारशी धरत नाहीत. आणि मूठ बसवा. हे सगळ्यांत स्वस्त काम आहे आणि नेमकं तेच राहतं.

शटर काढताना मात्र घाई नको. वरची खाच खालच्यापेक्षा खोल असते, म्हणून शटर आधी सरळ वर उचलायचं, मग खालची कड आपल्याकडे ओढून घ्यायची. उचलत नसेल तर वरच्या पट्टीत एखादा स्क्रू किंवा अडकण असते, ती सैल करा. जाळी सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर असेल आणि बाहेर ग्रील नसेल, तर हे एकट्याने करू नका. पट्टीला सुतळी बांधून ती दुसऱ्याच्या हातात द्या. खाली पार्किंग असतं, माणसं असतात.

कोपऱ्यातून निसटते

फाटत नाही, पण खाचेतून बाहेर येते. ही तक्रार सगळ्यांत जास्त, आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी रबर असतं. जाळी चौकटीच्या खाचेत ज्या दोरीने दाबून बसवतात त्या दोरीला आपण रबर म्हणतो. प्रत्यक्षात ती बहुधा पीव्हीसीची असते. उन्हाने ती कडक होते, आखडते. शिवाय बसवणारा घाईत रबर ताणत ताणत दाबत गेला असेल, तर बसवलं तेव्हा छान दिसतं, पण काही आठवड्यांत रबर आपल्या मूळ लांबीला येतं आणि सगळी तूट कोपऱ्यांत दिसते. कोपऱ्यात अर्धा इंच रबरच नाही, म्हणजे तिथे जाळीला धरून ठेवणारं काहीच नाही. रबर कधीही ताणायचं नाही. उलट कोपऱ्याकडे येताना किंचित आत लोटत यायचं.

दुसरं कारण, जुनंच रबर परत वापरलेलं. दारोदार फिरणारे पुष्कळ कारागीर जाळी नवी लावतात आणि रबर तेच दाबतात, कारण भाव जाळीचा ठरलेला असतो. रबर नखाने दाबून बघा. नख रुतून खूण पडते आणि लगेच भरून येते, ते जिवंत. नखाला दाद देत नाही किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसतात, ते मेलेलं. नवं रबर नेमक्या जाडीचं हवं. एक मिलिमीटरने बारीक असेल तर जाळी निसटते, जाड असेल तर दाबताना जाळीच कापली जाते किंवा खाचेची कड फाकते. म्हणून माप तोंडी सांगू नका, बोटभर तुकडा घेऊन दुकानात जा. आणि फायबरच्या जागी स्टीलची किंवा मांजरासाठीची जाड जाळी लावणार असाल तर तिचाही तुकडा बरोबर ठेवा, कारण जाळीची जाडी बदलली की रबराचीही बदलते.

तिसरं कारण थोडं अवघड: चौकटच गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. शटर जमिनीवर आडवं ठेवून दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालून जातो. एका बाजूला बोटभर जास्त असेल तर कोपऱ्याचे स्क्रू ढिले झालेत. ते चौकट सरळ करून आवळा, मगच जाळीला हात लावा. वाकड्या चौकटीत कसलीही जाळी सरळ बसणार नाही. एक कोपरा सुरकुतलेला आणि समोरचा ताणलेला राहणार, आणि ताणलेला आधी सुटणार.

बोट लावलं की पावडर झडते

पश्चिमेच्या खिडकीला हे जास्त. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर जे ऊन पडतं त्याने जाळी आतून मरते. वरून दिसायला ठीक असते, पण बोट फिरवलं की पांढुरकी पूड लागते, आणि वाकवली की घडीवर तुटते. अशा जाळीला ठिगळ लावण्यात अर्थ नाही. ठिगळाच्या कडेनेच ती पुढे फाटत जाते. सगळी बदला.

बदलताना काय घेताय ते बघा. दुकानात "फायबर" म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. खरी फायबर जाळी म्हणजे काचेच्या बारीक धाग्यावर पीव्हीसीचा लेप. स्वस्तातली बऱ्याचदा नायलॉन किंवा तत्सम प्लॅस्टिकची असते. उन्हात ती लवकर सैल पडते आणि झोळ येतो. ओळखायला दुकानदाराकडून बोटभर कापटं मागून घ्या आणि उघड्यावर काडी लावा, धूर मात्र नाकात घेऊ नका. खऱ्या फायबरचा लेप जळून धाग्याचा सांगाडा उरतो. नायलॉन वितळून टोकाला कडक मणी होतो. पश्चिमेच्या खिडकीला खरी फायबर किंवा स्टील, बाकी ठिकाणी ऐपतीप्रमाणे, असं माझं मत आहे.

छिद्राच्या मापाबद्दल दुकानात उगाच घाबरवतात. नेहमीची जाळी १८×१६ असते, म्हणजे इंचाला एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १६ घरं. चौरस इंचाला २८८. झोपायच्या मच्छरदाणीचं रूढ माप चौरस इंचाला १५६ घरांचं आहे. त्यामुळे डासाला १८×१६ भरपूर झाली. आंब्याच्या दिवसांत येणारी चिलटं मात्र तिच्यातून येऊ शकतात. ती अडवायला त्याहून बारीक जाळी मिळते, पण वारा आणि उजेड दोन्ही कमी होतात. ओट्यासमोरच्या एका खिडकीला बारीक लावा, बेडरूमला नको.

खालची कड कुरतडलेली

धागे तुटलेले आणि कडा दातेरी असतील तर उंदीर किंवा खार. फायबर असो नायलॉन असो, उंदराला एका रात्रीचं काम. स्वयंपाकघर, बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांचा व्हेंटिलेटर आणि पाइपांच्या जवळची खिडकी, या तीन ठिकाणी सरळ ३०४ ग्रेडची स्टेनलेस जाळी लावा आणि विषय संपवा. मुंबईत खाऱ्या हवेमुळे ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टील बसवताना लोक बिचकतात. पुण्यात ती काळजी फारशी नाही. साधी लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त मिळते, पण मुलामा कापलेल्या कडेपासून जातो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात.

धागे तुटलेले नाहीत, नुसते बाजूला सरकून उभ्या रेघा पडल्यात, तर मांजर. कबुतरं जाळी फाडत नाहीत, पण कट्ट्यावर बसून पंखांनी आणि विष्ठेने ती खराब करतात. त्यांच्यासाठी बाल्कनीला लावतात ती मोठ्या घरांची नायलॉन जाळी वेगळी. फोनवर "जाळी लावायची आहे" एवढंच सांगितलं तर कबुतरवालाही दारात उभा राहू शकतो.

जाळी शाबूत, तरी डास आत

मला वाटतं, निम्म्या घरांत खरी अडचण हीच आहे, आणि लोक जाळी बदलून ती सोडवू बघतात.

तीन ट्रॅकच्या खिडकीत दोन काचा आणि एक जाळी असते. जाळी सर्वांत आत असेल तर मधल्या ट्रॅकवरची काच तिच्या शेजारची, आणि बाहेरच्या ट्रॅकवरची लांबची. आपण सवयीने शेजारची काच अर्धी उघडतो आणि त्या बाजूला जाळी ओढतो. आता जाळीची मधली उभी पट्टी कशासमोर आली? काचेच्या मधोमध. काच तिच्या पट्टीपेक्षा आत बसवलेली असते, त्यामुळे जाळीची पट्टी आणि काच यांत वरपासून खालपर्यंत एक फट राहते. डास उघड्या बाजूने येतो, जाळी आणि काचेच्या मधून चालत जातो आणि त्या फटीतून घरात. जाळीला एकही भोक नाही.

उपाय फुकट आहे. शेजारची काच एका बाजूला पूर्ण टेकवा, जाळी दुसऱ्या बाजूला पूर्ण टेकवा, आणि उघडझाप फक्त लांबच्या काचेची करा. मग जाळीची मधली पट्टी आणि शेजारच्या काचेची पट्टी समोरासमोर येतात, आणि लांबची काच चार बोटं उघडा नाहीतर पूर्ण उघडा, फट राहत नाही. जाळी बाहेरच्या बाजूला असेल तरी नियम हाच. शेजारची कोण आणि लांबची कोण एवढं ओळखायचं. शेजारचीच काच उघडायची असेल तर ती पूर्ण उघडा, अर्धवट ठेवू नका. घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून द्या, मुलांना विशेष.

आता या दोन पट्ट्यांच्या मधली जागा बुजवायला बारीक केसाळ पट्टी असते. दुकानात तिला वूल पाइल म्हणा किंवा ब्रश म्हणा, कळतं. काही वर्षांत ती झिजून टक्कल पडतं. तपासायला जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद दोन पट्ट्यांच्या मधून सरकवा. अडखळत गेला तर ठीक. सहज आरपार गेला तर पट्टी बदला. जुनी खाचेतून एका टोकाने ओढून काढायची, नवी त्याच टोकातून सरकवायची, आणि शेवटी खाच पकडीने किंचित दाबायची म्हणजे ती खाली घसरत नाही. शटर काढलेलं असताना हे काम चुटकीसरशी होतं, म्हणून जाळीच्या कामातच उरकून घ्या.

राहिली ट्रॅकमधली पाणी जायची भोकं. डास त्यातूनही येतात, आणि म्हणून लोक ती सिलिकॉनने बुजवतात. हे करू नका. जुलैत पश्चिमेचा पाऊस ट्रॅकमध्ये भरतो, त्याला बाहेर जायला वाट लागतेच. नाहीतर पाणी आतल्या भिंतीवर उतरतं आणि रंगाला फुगे येतात. भोकावर बाहेरून जाळीचा चौकोनी तुकडा चिकटवा. पाणी जातं, डास येत नाही.

घरी बसवायची तर

एका शटरचं काम सवयीच्या हाताला तासाभराचंही नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने सकाळ मोकळी ठेवावी आणि कोरडा दिवस निवडावा. ओल्या खाचेत रबर घसरतं. जाळी, रबर आणि दोन टोकांना दोन चाकं असलेला छोटा रोलर बोहरी आळीत, रविवार पेठेत, एकाच फेरीत मिळतो. रोलर घ्याच. स्क्रू ड्रायव्हरने रबर दाबणारे जाळीला भोसकतात. जाळी घेताना पन्हा बघा: शटरच्या रुंदीपेक्षा किमान चार इंच जास्त हवा, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच धरायला राहतात. जोड देऊन बसवू नका.

जुनं रबर एका कोपऱ्यातून उचकटून अख्खं ओढून काढा, खाच ब्रशने साफ करा. शटर सपाट फरशीवर ठेवा. गादीवर किंवा सतरंजीवर ते वाकतं. उंच शटर असेल तर त्याच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांना आतल्या बाजूने एकेक वीट टेकवून ठेवा. का, ते पुढे येतं. जाळी पसरताना तिचे उभे धागे चौकटीच्या उभ्या पट्टीला समांतर आहेत ना, हे बघा. एवढी एक गोष्ट नीट झाली तर सुरकुत्यांचा निम्मा त्रास वाचतो.

सुरुवात वरच्या कोपऱ्यातून. आधी एक लांब बाजू पूर्ण दाबा, मग तिला लागून असलेली आखूड, आणि शेवटी उरलेल्या दोन. रोलरचं खोलगट चाक रबरावर राहतं, फुगीर चाकाने धातूची जाळी आधी खाचेत दाबून घ्यायची असते; फायबरला ती पायरी लागत नाही. जाळी ओढून ताणू नका. रबर खाचेत जाताना ती आपोआप ताणली जाते. आधीच खेचून धरली तर उभ्या पट्ट्या मधोमध आत ओढल्या जातात, शटरला कंबर येते आणि खिडकीत बसवल्यावर दोन्ही बाजूंना फट. त्या विटा यासाठी. पुरुषभर उंचीच्या बाल्कनीच्या शटरला हे फार होतं. कोपऱ्यात रबर कापायचं नाही, स्क्रू ड्रायव्हरच्या बोथट टोकाने वळवून आत बसवायचं.

सुरकुती आली तर तेवढ्या बाजूचं रबर काढून पुन्हा दाबा. शेवटी उरलेली जाळी नव्या ब्लेडने रबराच्या बाहेरच्या कडेला कापा, ब्लेडचं टोक चौकटीकडे तिरकं ठेवून. आतल्या कडेने कापायला गेलात की हात निसटतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. जुनं ब्लेड वापरू नका, ते धागे ओढतं.

छोटं भोक असेल तर एवढं काहीच लागत नाही. दोन-चार धागे तुटले असतील तर ते सुईने जागेवर सारून पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब द्या. रुपयाच्या नाण्याएवढं असेल तर त्याच जाळीचा तुकडा ठेवून बारीक नायलॉनच्या दोऱ्याने कडेने शिवा. झटपट चिकटणारा गोंद नको. तो वाळून काचेसारखा होतो आणि त्याच्या कडेने जाळी तडकते. चिकटपट्टीची तयार ठिगळंही मिळतात, पण धुळकट जाळीवर ती टिकत नाहीत, आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेली असेल तरच लावा.

दारं, वेल्क्रो आणि पेठांतल्या खिडक्या

बाल्कनीच्या जाळीच्या दाराला लहान मुलं, पाळीव कुत्रं आणि दोन्ही हातांत कपड्यांची बादली घेतलेली माणसं ढकलतात. तिथे जाड जाळी लावण्यापेक्षा हाताच्या उंचीवर एक आडवी पट्टी टाकून घ्या आणि गुडघ्यापर्यंतच्या भागात जाळीऐवजी पत्रा बसवा. ढकलणारा हात आपोआप पट्टीवर जातो. फॅब्रिकेटर कुरकुर करतात, कारण काम वाढतं, पण आग्रह धरा.

घडीची जाळी दिसायला देखणी आणि निगराणीला नाजूक. ती घड्यांतून जाणाऱ्या दोऱ्यांवर चालते. एक दोरा तुटला की घड्या एका बाजूला कलतात, आणि दोरे ओवणं हे घरी करायचं काम नाही. घरात मांजर असेल तर घेऊच नका.

वेल्क्रोची जाळी भाड्याच्या घरासाठी उत्तम, पण तिची पट्टी डिस्टेंपरच्या भिंतीवर कधीच टिकत नाही, कारण डिस्टेंपरच भिंतीवरून सुटून पट्टीबरोबर येतो. ऑइल पेंटची चौकट किंवा ॲल्युमिनियम असेल तिथे स्पिरिटने पुसून पट्टी लावा, एक दिवस तशीच ठेवा आणि मग जाळी अडकवा. भर पावसाळ्यात लावली तर दमटपणाने सुटणार.

सदाशिव, नारायण पेठेतल्या जुन्या घरांत लाकडी चौकटीवर जाळी ठेवून वरून लाकडी पट्टी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेली असते. इथे जाळी पट्टीखाली चुकांच्या रांगेत फाटते, कारण लोखंडी चुका गंजतात आणि गंज धागे खातो. शिवाय पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पट्टी काढून जुन्या चुका एकूण एक उपटा, नव्या पितळी किंवा स्टीलच्या घ्या, जाळीची कड एकदा दुमडून मग पट्टीखाली धरा. एकेरी कडेला कितीही चुका मारल्या तरी ती सुटते.

जाळीवाल्याला बोलवायचंच असेल तर भाव ठरवताना चार गोष्टी आधीच बोलून घ्या: रबर नवं असणार, बेअरिंग तपासणार, केसाळ पट्टी झिजली असेल तर बदलणार, आणि भाव चौरस फुटाचा सांगितलाय तो शटरच्या मापावर की कापलेल्या जाळीच्या मापावर. काम झाल्यावर शटर खिडकीत बसवून तुमच्या हाताने दोनदा सरकवून बघा, मग पैसे द्या. उरलेली जाळी आणि हातभर रबर त्याच्याकडून मागून ठेवा. जाळीची घडी घालू नका, घडीवर ती तुटते. गुंडाळून, सुतळी बांधून, कोणत्या खिडकीची ते कागदावर लिहून माळ्यावर टाका.